चाकांची खुर्ची

९ फेब्रुवारी २०२६, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

पत्रिका छपाईचे दुकान उघडायच्या आधी येऊन आईच्या प्रवासाच्या कार्डांची नमुन्याची प्रत लॅमिनेट करत होतो, तेव्हा ठरवले की आजपासून वहीत लिहायचे. आई घरी पोहोचेपर्यंत. मनात ठेवले की डोके गरगरते. कागदावर उतरवले की निदान एका ओळीत राहते.

आई नोव्हेंबरात ताईच्या बाळंतपणासाठी आयर्लंडला गेली. ताई, म्हणजे सुमेधाताई, डब्लिनच्या दवाखान्यात नर्स आहे. जाताना भाऊजी सोबत होते. येताना आई एकटी. भाऊजींची नोकरी नवी आहे, रजा नाही. ताईचे बाळ अडीच महिन्यांचे. आईला नव्वद दिवसांचीच परवानगी आहे आणि ती १८ तारखेला संपते, म्हणजे तारीख पुढेही ढकलता येत नाही. डब्लिन ते अबुधाबी, तिथे विमान बदलायचे, मग मुंबई. आई सातवीपर्यंत शिकलेली. कुंभार पिंपळगावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. इंग्रजीचे एक अक्षर येत नाही.

ताईने ऑक्टोबरातच म्हटले होते, "राजू, पासपोर्ट काढून ठेव. आईला घ्यायला तू ये." पण लग्नसराईत दुकान कसे सोडणार. शिवाय पासपोर्टला बरीच कागदपत्रे लागतात म्हणे. शिवाय पोलीस घरी चौकशीला येतात. शिवाय मी बारावी नापास, तिथे कोणी काही विचारले तर काय सांगणार. तेव्हा तो विषय राहिला.

कार्डे चांगली झाली आहेत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, ठळक अक्षर. "मला इंग्रजी येत नाही." "मला मुंबईच्या विमानाकडे न्या." "मला पाणी हवे आहे." "संडास कुठे आहे?" प्रत्येकाच्या खाली माझा नंबर. इंग्रजी स्पेलिंग तीनदा तपासले. फाइल ताईला पाठवली, ती तिकडे छापून घेईल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

व्हिडिओ कॉल. ताईने आईसाठी विमान कंपनीकडे चाकांची खुर्ची सांगितली आहे. आईचे पाय ठणठणीत आहेत, पण गावाकडच्या आईबापांसाठी सगळे असेच करतात. खुर्ची असली की सोबत माणूस येतो, तो थेट दुसऱ्या विमानाच्या दारात नेऊन सोडतो. हरवायचा प्रश्नच नाही. ही युक्ती मला फार आवडली. आईला नाही.

"मला काय झालं रे? पाय हायत ना माझे."

"आई, ती खुर्ची चालता येत न्हाई म्हणून नसती. इंग्रजी येत न्हाई म्हणून असती."

"मंग तसं सांगा ना त्यायला. धडधाकट बाईला लंगडी कशाला करून राह्यले?"

ताई मागून म्हणाली, "येताना ह्यांच्यासोबत चालून चालून पाय दुखले म्हणलीस ना? मंग बस की आता गुमान."

"पाय दुखणं येगळं आन् पाय नसणं येगळं."

मी तिला सूचना वाचून दाखवल्या. एक, पासपोर्ट गणवेशातल्या माणसाशिवाय कोणाच्या हातात द्यायचा नाही. दोन, अनोळखी माणसाशी बोलायचे नाही, त्याच्याकडून काही खायला घ्यायचे नाही. तीन, फोन बंद ठेवायचा म्हणजे बॅटरी वाचेल, मुंबईत उतरल्यावरच चालू करायचा. चार, खुर्चीतून उठायचे नाही.

आई बाळाला थोपटत होती. मग म्हणाली, "तीन महिने झाले राजू, घराबाहेर कुणासंग दोन शब्द बोलले न्हाई मी. आता विमानात बी बोलू नको?"

मी म्हणालो, एका दिवसाचा प्रश्न आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

आज एका पत्रिकेत विवाहाचा वार चुकीचा लावला. छपाईआधी राधेश्याम शेठच्या नजरेला पडला म्हणून वाचलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. शेठ ओरडले नाहीत, हसले, ते जास्त लागले.

"काय बे राजानंद, विमान तुझी माय चालवून राह्यली का?"

"न्हाई शेठ."

"मंग ड्रायव्हरला घाबरू दे ना. तू कायला?"

तीन दिवसांची सुट्टी आणि तीन हजार उचल दिली. म्हणाले, मुंबईला जातोसच तर एकदा समुद्र पाहून ये. मी समुद्र पाहायला चाललेलो नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार.

बाबा पिंपळगावहून जालन्यात माझ्या मस्तगडच्या खोलीवर आले आहेत. मी अबुधाबीच्या विमानतळाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावला आहे. बाबांनी तो पाहिला आणि त्याच्याखाली अंथरूण टाकले.

मी विचारले, तुम्हाला काहीच वाटत नाही का?

"वाटतं ना. तीन महिने झाले, वांग्याची भाजी खाल्ली न्हाई धड."

"बाबा, ती एकटी हाय."

"एकटी आल्ती ती भोकरदनच्या बाजारातून, म्हैस घेऊन. तवा मी तापानं पडेल व्हतो. चार दिवस चालत आली."

"म्हैस आन् विमान सारखं हाय का?"

"न्हाई. म्हैस अवघड. विमान रस्त्यात बसत न्हाई." एवढे बोलून पांघरूण डोक्यावर घेतले. "त्रिसरण म्हण आन् झोप."

त्रिसरण म्हटले. झोप आली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी सव्वासात, दादर.

काल संध्याकाळच्या गाडीने निघालो. गाडीत ताईचा संदेश आला: आई आत गेली, खुर्चीत बसली, रडली नाही, तूही रडू नको. पाठोपाठ फोटो. खुर्चीत आई, मांडीवर पिशवी, गळ्यात माझी कार्डे. तोंड असे केले आहे जणू फोटो पोलीस काढत आहेत.

आईच्या नावाची पाटी सोबत आणली आहे. दुकानात उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर छापली, "बेबीनंदा अप्पाराव खरात", भोवती पत्रिकेची वेलबुट्टी. झेंडूचा हारही आहे, ओल्या फडक्यात.

साडेआठ, विमानतळ, बाहेर.

टॅक्सीवाल्याने चारशे ऐंशी घेतले. पहिले विमान अबुधाबीला आठ वाजता वेळेवर उतरले. फोनवर दिसते. पहिली पायरी झाली. मुंबईचे विमान आपल्या साडेदहाला सुटेल. आत्ता आई खुर्चीत असेल.

पावणेअकरा.

विमान सुटले. फोनवर छोटे पिवळे विमान समुद्रावर सरकताना दिसते आहे. मी ते बोटाने झाकून पाहिले, पुन्हा सरकलेले दिसले.

अकरा वाजून पाच.

परदेशी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. सुरुवातीला अधिक एक. कापला. लगेच पुन्हा. कापला. तिसऱ्यांदा आल्यावर तो नंबर ब्लॉक केला. अशा फोनवरून लोकांची खाती रिकामी होतात, आमच्या शेजारच्या गल्लीत एकाचे चाळीस हजार गेले. आजच्या दिवशी माझा फोन मोकळा राहायला हवा.

दीड.

चहा घेतला. एका कपाचे दोनशे दहा. चूक झाली, पण सकाळपासून काही घेतले नव्हते.

दोन वाजून पाच.

विमान उतरले. पाटी धरून कठड्याला लागून उभा आहे.

तीन वाजून दहा.

अबुधाबीचे लोक बाहेर येऊ लागले. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून कळते. एक खुर्ची आली, तिच्यात म्हातारे गृहस्थ. दुसरी आली, तिच्यातही आई नाही.

तीन पन्नास.

कोणी येत नाही आता. एका मुलाला विचारले, अबुधाबीहून आलात का, आत अजून कोणी आहे का? म्हणाला, सामानाचा पट्टा रिकामा फिरतोय. दारावरच्या शिपायाला पाटी दाखवली. "आत जाता येत नाही," म्हणाला. मी आत जायचे विचारलेच नव्हते. आईचा फोन बंद. मीच बंद ठेवायला सांगितला होता.

चार पंचवीस.

ताईचा फोन. तिने कंपनीला विचारले. आई मुंबईच्या विमानात बसलीच नाही. खुर्चीवाल्या माणसाने तिला अर्ध्या वाटेत एका लिफ्टजवळ बसवले, दुसरा प्रवासी आणायला गेला, परत आला तर खुर्चीही नाही आणि आईही नाही. चार वेळा नाव पुकारले म्हणे, पुढचे शोधून कळवतो म्हणाले. आईला आपले नाव त्यांच्या तोंडून कळले तरी असेल का?

ताई रडत नव्हती, त्यानेच मला जास्त भीती वाटली. मागे बाळ रडत होते.

ती म्हणाली, "राजू, नीट आठव. कुणाचा फोन आल्ता का?"

"न्हाई."

"कुणाचाच न्हाई?"

"एक फ्रॉडचा आल्ता. बाहेरचा नंबर. ब्लॉक केला."

तिने बाळाला भाऊजींकडे दिलेले ऐकू आले.

"राजू. किती वाजता?"

चार चाळीस.

नंबर ब्लॉकमधून काढला. सात वेळा लावला. जात नाही. संदेश पाठवला: आपण कोण, माझी आई आपल्यासोबत आहे का, कृपया कळवावे. एकच टिक. पुन्हा वाचला, चूक नाही. पण टिक एकच.

त्या नंबरचा फोटो पाहिला. फुलदाणी आहे. फुलदाणीवरून काय समजायचे? चांगला माणूस, वाईट माणूस, कोणीही फुलदाणी लावतो.

बाबांना सांगितले. पलीकडे खोकला ऐकू आला, मग म्हणाले, "तू जेवला का?" मी नाही म्हणालो. मग बाबा म्हणाले, "मी भिंतीवरच्या नकाशात बघून राह्यलो. लिफ्ट लई हायत." तेव्हा कळले की तेही घाबरले आहेत.

साडेसहा.

हार पाटीवर टाकून बसलो आहे. मी चूक कुठे झाली याचा विचार करतो आहे. माझ्या मते चूक कार्डाच्या रचनेत होती. "मी हरवले आहे" असे कार्ड मी केलेच नाही. तसे काही होईल असे लिहायला हात धजला नाही.

ती तिथे कुठेतरी खाली बसली असेल, पिशवी मांडीवर घेऊन, कोणाशी न बोलता. मी सांगितले तसे. माझे ऐकते ती.

आठ वाजून बावीस.

फोन आला. नंबर आपल्याकडचा, अनोळखी. पहिल्या घंटीला उचलला.

"राजानंद बोलरे?" बाईचा आवाज, म्हातारा, खणखणीत. "अजी कैसे बच्चे हो तुम! मैं सुबू से फोन मार रई, तुम काट देरे, काट देरे, फिर बंदच कर दिए! अम्मा मेरे कने हैं. हैदराबाद में. नक्को रोओ."

मी रडत आहे हे तिला कसे कळले, मला माहीत नाही.

मग आईचा आवाज. मागे पुष्कळ माणसे, कोणी पोरगे चांद दिसला म्हणून ओरडत होते.

"राजू, जेवलास का रे?"

मी म्हणालो, आई, तू हैदराबादला कशी?

"विमानानं," म्हणाली. "ऐक, मी आज हितंच राह्यते. उद्या रेल्वेत बसवून देतेत. तू मुंबईत काय करतो एकटाच? घरी जा."

१९ फेब्रुवारी, गुरुवार. रेल्वेत.

जालन्याला परत चाललो आहे. समुद्र पाहिला नाही. समोरच्या बाकावरच्या माणसाने पाटी वाचून विचारले, लग्न आहे का? मी हो म्हणालो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

पहाटे जालना स्टेशनवर बाबा आणि मी. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. गाडी आली. आई डब्याच्या दारात उभी, मोठी बॅग आधीच खाली उतरवून. आम्हाला पाहून म्हणाली, "दोघंबी आले? घराला कुलूप लावलं ना?"

सुकलेला हार मी तसाच घातला. तिने तो सरळ केला.

खोलीवर चहा घेतल्यावर सगळे सांगितले. जमेल तसे तिच्याच शब्दांत लिहितो.

"वर गेल्यावर कान बंद झाले. शेजारी एक गोरा पोरगा, त्यानं मला गोळी दिली चघळायला. तू म्हणला व्हता घेऊ नको, म्या घेतली. मंग कान सुटले. राती समदे झोपले, मला झोप येईना. म्या बाळाचे व्हिडिओ लावले. लावले ते फोन मरोस्तर लावले. खिडकीतून बघितलं तं खाली कुठंच दिवा न्हाई, किती येळ. मंग आभाळाला एक तांबडी रेघ आली. म्हणलं आता ही आपल्याकडची सकाळ."

"खुर्चीचं सांग," बाबा म्हणाले.

"खुर्ची!" आईने कपाळाला हात लावला. "मेली ती खुर्ची. मला बसवून पोरगा ढकलून राह्यला, समदे बघून राह्यले. मला लाज लाज झाली. लिफ्टपाशी सोडून गेला. तिथं खाली एक म्हातारी बसेल, गुडघे ह्या एवढाले सुजेल. तिची खुर्ची आलीच न्हाई. ती कळवळून राह्यली, तिला जायचं व्हतं, आन् उठता येईना. बोलली, तं आपल्या जालन्याच्या बाजारातल्यावानी बोलली. तीन महिन्यांनी कुणी असं बोललेलं ऐकलं. मी उठले, तिला बसवलं, आन् ढकलत नेलं."

"तुला उठायचं न्हाई म्हणलं व्हतं," मी म्हणालो.

"तू म्हणला व्हता. पर तिला लागली व्हती ना जोराची."

बाबा हसता हसता खोकले.

पुढचे असे: त्या म्हातारीचे नाव मेहरुन्निसा, आई त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. अमेरिकेत मुलाकडे होत्या, रमजानसाठी घरी चालल्या होत्या. आईने त्यांना मोरीत नेले, तोंड धुवायला लावले, मग त्यांच्या हैदराबादच्या विमानाच्या दारापर्यंत ढकलत नेले आणि शेजारी बसली. आईला वाटले, विमान इथूनच सुटते, सगळ्यांचे एकच स्टँड असते. खालांनी तिचा कागद वाचला तेव्हा मुंबईचे विमान गेले होते. मग खालांनी कार्डावरचा नंबर लावला. मी कापला.

"तुझा नंबर लागंना तवा मला धडकी भरली," आई म्हणाली. "म्हणलं राजूला काय झालं? तो तं फोन खिशात बी ठेवत न्हाई, हातात धरतो."

म्हणजे अबुधाबीत बसून ती माझी काळजी करत होती. हे मला सुचले नव्हते.

मग खालांनी खुर्चीत बसून काउंटरवर भांडण केले. त्या भांडत होत्या आणि आई खुर्ची पुढे पुढे ढकलत होती, म्हणजे समोरच्या पोरीला मागे सरकता येईना. मुंबईला दुसऱ्या दिवसापर्यंत जागा नव्हती. हैदराबादला होती. फरकाचे पैसे खालांनी भरले. मलकपेटला त्यांच्या घरी आईने रात्री मुक्काम केला, पहाटे त्यांच्यासोबत सहेरीला, रोज्याआधीच्या जेवणाला, उठली. त्यांच्या सुनेला पिठलं कसे करायचे ते दाखवून आली.

"मग तू घाबरलीच न्हाई?" मी विचारले.

आईने गळ्यातली कार्डे काढून माझ्यासमोर ठेवली. एकही मळलेले नव्हते. "घाबरले ना. वर असताना लई घाबरले. तो गोरा पोरगा झोपला, तवा वाटलं, राजू शेजारी असता तं बरं झालं असतं. तुला काय, तू समदं वाचून सांगितलं असतं."

बाबा एकदम नकाशाकडे पाहू लागले.

मी म्हणालो, दुकानात लग्नसराई होती.

"व्हय," आई म्हणाली. "असती ना दरसाल." आणि कप उचलून मोरीकडे गेली.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार, दुकान.

आई-बाबा सकाळच्या बसने पिंपळगावला गेले. सोमवारी शाळेत खिचडी आहे. नकाशा भिंतीवरून काढला, गुंडाळून ठेवला. शेठने विचारले, समुद्र कसा होता? मी म्हणालो, पाहिला नाही. ते म्हणाले, "मंग पुन्हा जावं लागंल." वहीचे काम संपले, म्हणून हिशेब लिहून बंद करतो.

खर्च:
कार्डाचा नमुना, लॅमिनेशन: ६०
रेल्वे, जाऊन येऊन: ५४०
टॅक्सी, येताना-जाताना: ९५०
चहा, विमानतळावर, एक: २१०
हार: ५०
जेवण: १७०
पाटी: दुकानातला तुकडा, शेठने पैसे घेतले नाहीत

देणे:
राधेश्याम शेठ, उचल: ३,०००
मेहरुन्निसा खाला, विमानाचा फरक आणि रेल्वे मिळून: ६,९००. फोनवर पाठवतो म्हटले, तर घेत नाहीत. ईदला अम्मासोबत येऊन हातात द्या म्हणतात. त्यांचा नंबर नावासकट साठवला आहे.

आणखी एक खर्च, आजचा. पासपोर्टचा अर्ज, माझा: १,५००. स्पेलिंग तीनदा तपासले. चौथ्यांदा न तपासता भरले.